‘फॅमिली व्हिसा देतो’ म्हणण्याआधी

आमच्या भाचीचे लग्न ठरले तेव्हा घरात आनंदीआनंद होता. मुलगा दुबईत, पगार चांगला, घराणे ओळखीचे. बैठकीत मुलाच्या चाचांनी सगळ्यांसमोर सांगितले, “मुलगी इथे सासरी बसून राहणार नाही. सहा महिन्यांत फॅमिली व्हिसा येईल, इन्शाअल्लाह.” आमच्या बहिणीने समाधानाने मान हलवली. आम्हीही हलवली. एवढी माणसे बसली होती, त्यांतली निम्मी कधी ना कधी आखातात राहून आलेली, पण ‘व्हिसा येईल तो कशाच्या जोरावर?’ हे एकानेही विचारले नाही.

निकाह झाला. चाळीस दिवसांची सुटी संपवून जावई परत गेला. सहा महिने गेले, वर्ष गेले. मुलगी झाली, ती रांगायला लागली. बापाने तिला पहिल्यांदा कडेवर घेतले तेव्हा ती अकरा महिन्यांची होती आणि अनोळखी माणूस पाहून रडत होती. भाची शेवटी दुबईला गेली ती लग्नानंतर दोन वर्षे सात महिन्यांनी. मधल्या काळात एकदा ती फोनवर म्हणाली होती, “मामू, टेनन्सी काय, अटेस्टेशन काय, मला सगळे शब्द पाठ झालेत. फक्त व्हिसा तेवढा आला नाही.”

या सगळ्यात खोटे कोणीच बोलले नव्हते, हे आधी सांगायला हवे. जावयाच्या हातात दरमहा साडेचार हजार दिरहम पडत होते, हे खरेच होते. पण कंपनीशी झालेल्या करारावर पगार होता २,८०० दिरहम. वरचे सगळे ओव्हरटाइमचे. आणि सरकार मोजते ते करारावरचा आकडा. संयुक्त अरब अमिरातीत पत्नी आणि मुलांना बोलावण्यासाठी पगार ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० दिरहम आणि शिवाय राहण्याची जागा. आमचा जावई २०० दिरहमांनी मागे पडला. आपल्या रुपयांत पाच हजारांच्या आसपास. एवढ्याशा रकमेपायी एका लेकराचे पहिले वर्ष बापाविना गेले.

कोकणातल्या खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत असे एकही गाव नसेल जिथे ही गोष्ट ऐकल्यावर कोणी ‘आमच्याकडेही असेच झाले’ म्हणणार नाही. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे. घरातल्या माणसाला परदेशी बोलावून घेण्यासाठी बोलावणारा कोणत्या अटींत बसावा लागतो, हे लग्नाच्या बैठकीआधी दोन्ही घरांना ठाऊक असलेले बरे.

आधी पाहावा करार, मग पगार

अमिरातीत पूर्वी पगाराबरोबर माणसाचा हुद्दाही पाहत. २०१९ साली नियम बदलला आणि हुद्द्याची अट जाऊन उत्पन्नाची अट उरली. हे आपल्या लोकांच्या फायद्याचे झाले. ड्रायव्हर असो की स्टोअरकीपर, करारावर ४,००० दिरहम असतील तर तो पत्नीला बोलावू शकतो. पण अट आकड्यावर आल्यामुळे आकडा नेमका कोणता, हा प्रश्न मोठा झाला. ओव्हरटाइम, बक्षिसी, सुटीच्या दिवशी बाहेर केलेले काम यांचा हिशेब तिथे चालत नाही. म्हणून मुलाकडच्यांना ‘पगार किती?’ असे विचारू नये. ‘करारावर किती लिहिलाय?’ असे विचारावे. प्रश्नातला फरक लहान आहे, पण त्या फरकाची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

दुसरी गोष्ट जागेची. आपली बहुतेक मुले कंपनीच्या खोलीत किंवा बेडस्पेसमध्ये राहतात. एका खोलीत चार-सहा जण, वर-खाली पलंग. ती जागा कुटुंबासाठी चालत नाही. स्वतःच्या नावावर भाडेकरार लागतो आणि दुबईत तो ‘इजारी’ पद्धतीने नोंदवलेला लागतो. म्हणजे पगार अटीत बसला तरी घरभाडे परवडते का, हा हिशेब उरतोच. ४,००० दिरहमांत भाडे, वीज-पाणी, खाणेपिणे आणि गावी पाठवायचे पैसे हे सगळे भागवणाऱ्याची ओढाताण होते. मूल शाळेत जायला लागले की फीची भर पडते. अट ही फक्त दारातून आत जाण्यापुरती आहे, आतला संसार त्यावर चालत नाही.

अमिरातीच्या आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रवेशाच्या परवान्यावर पत्नी तिथे पोहोचली की ६० दिवसांच्या आत राहण्याच्या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. अठरा वर्षांवरील प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते. मूल तिथेच जन्मले तर १२० दिवसांच्या आत त्याचा व्हिसा काढायचा असतो, नाहीतर दंड. मुलगी अविवाहित असेपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहू शकते, मुलगा वयाच्या २५ वर्षांपर्यंत. आणि आपल्या बायकांना हमखास लागू होणारा नियम म्हणजे साधारणपणे १८० दिवसांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास तिथला राहण्याचा व्हिसा बाद होतो. बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी ‘चाळीस दिवस झाले, आता छट्टी-अकीका झाला, आता पावसाळा संपू दे’ करत राहते आणि दिवस उलटून जातात. तिकीट काढतानाच परतीची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

सौदीत माणशी महिन्याला ४००

सौदी अरबस्तानात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, इकाम्यावर लिहिलेला पेशा. माणूस प्रत्यक्षात ऑफिसात हिशेब लिहीत असेल, पण इकाम्यावर ‘आमिल’, म्हणजे मजूर, असे असेल तर कुटुंबाच्या व्हिसाचे दार त्याला सहसा उघडत नाही. पेशा बदलून घेणे कफिलाच्या आणि नियमांच्या हातात असते.

दुसरी गोष्ट माणशी शुल्काची. १ जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसावर शुल्क लावले. पहिल्या वर्षी माणशी महिना १०० रियाल, मग २००, मग ३०० आणि जुलै २०२० पासून ४००. पत्नी आणि तीन मुले धरली तर महिन्याचे १,६०० आणि वर्षाचे १९,२०० रियाल होतात. हे पैसे इकाम्याच्या नूतनीकरणावेळी आगाऊ भरायचे असतात. जेद्दा, रियाध, दम्माममध्ये वर्षानुवर्षे संसार करणारी आपली कितीतरी कुटुंबे त्या काळात ‘खुरूज’ लावून गावी परतली. तिथल्या भारतीय शाळेत शिकणारी मुले एकदम इथल्या शाळेत आली, आणि पुरुष पुन्हा एकटे, पुन्हा चौघांच्या खोलीत.

त्या मुलांपैकी एक आज आमच्या शेजारी राहतो. तो सांगतो, “अब्बांनी एका रात्री कागदावर हिशेब मांडला आणि अम्मीला दाखवला. अम्मी काही बोलली नाही. सकाळी उठून तिने भांडी बांधायला घेतली.” अट पूर्ण करून गेलेल्या कुटुंबालाही पुढे नियम बदलला तर परतावे लागते, हे त्या घरांनी अनुभवले आहे. म्हणून गावचे घर बंद करताना त्याची कौले शाबूत राहतील एवढी तजवीज करून जावे.

कुवेत : दार बंद आणि पुन्हा उघडे

कुवेतशी कोकणाचे नाते जुने. पण तिथे कुटुंबाचा व्हिसा २०२२ मध्ये बंद झाला आणि जवळजवळ दीड वर्ष बंदच राहिला. २०२४ च्या जानेवारीअखेर तो पुन्हा सुरू झाला तेव्हा किमान पगाराची अट ८०० दिनारांवर गेली होती. रुपयांत हा आकडा दोन लाखांच्या वर जातो. शिवाय विद्यापीठाची पदवी हवी अशी अट होती. पदवीची अट त्याच वर्षी जुलैमध्ये काढली, पगाराची मात्र ठेवली. म्हणजे दुकानात, गॅरेजात, हॉटेलात काम करणाऱ्या आपल्या बहुतेक मुलांना कुवेतमध्ये संसार थाटणे सध्या शक्य नाही. हे कटू आहे, पण मुलीच्या बापाला ते आधी कळायला हवे. मुलगा चांगला असेल तर लग्न जरूर करावे. फक्त ‘व्हिसा येईल’ हे वाक्य त्या लग्नाच्या पायात घालू नये.

अनेक जण यावर तोडगा म्हणून पत्नीला व्हिजिट व्हिसावर नेतात. भेटीसाठी तो ठीकच. दोन-तीन महिने एकत्र राहता येते, तिला तिथले जग दिसते. पण तो राहण्याचा परवाना नव्हे. मुदत संपूनही राहिल्यास दंड चढत जातो, आणि पुढे खऱ्या व्हिसाची वेळ येते तेव्हा जुना दंड आडवा येतो.

आई-वडिलांना बोलावणे

पत्नी-मुलांपेक्षा कितीतरी अवघड काम आई-वडिलांना बोलावण्याचे. अमिरातीत त्यासाठी पगाराची अट पत्नीसाठीच्या अटीच्या कितीतरी पट आहे. शिवाय दोघांना एकत्रच बोलवावे लागते. एकच हयात असतील तर दुसऱ्याच्या मृत्यूचा दाखला, वेगळे झाले असतील तर तलाकचा कागद लागतो. गावी त्यांना सांभाळणारे दुसरे कोणी नाही, त्यांचा आधार आपणच, असे आपल्या वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. वैद्यकीय विमा सक्तीचा, आणि व्हिसा मिळतो तो एकेका वर्षाचा.

ब्रिटनमध्ये तर २०१२ पासून म्हाताऱ्या आई-वडिलांना कायमचे नेणे जवळपास अशक्य झाले आहे. रोजच्या उठण्या-बसण्यासाठी त्यांना दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मदत भारतात पैसे मोजूनही मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. मुलाने तिथून पैसे पाठवून इथे बाई ठेवता येत असेल तर अर्ज फेटाळला जातो. अमेरिकेत उलट आहे. नागरिक झालेला मुलगा किंवा मुलगी २१ वर्षांची झाली की आई-वडिलांसाठी अर्ज करू शकते, आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. मात्र नुसते ग्रीन कार्ड असेल तर आई-वडिलांना बोलावता येत नाही. फक्त पती किंवा पत्नी आणि अविवाहित मुले. आणि नागरिकाने भावाबहिणीसाठी अर्ज केला तर भारतीयांची रांग पंधरा वर्षांहून मोठी आहे. भावाने आज अर्ज केला म्हणून इथली नोकरी सोडून बसणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

ब्रिटन आणि अमेरिकेचे स्थळ आले तर

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कोकणी घरांतून स्थळे येतात. तिथला नियम सरळ आहे आणि कडकही. बोलावणारा तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी हवा, दोघेही अठरा वर्षांवरील हवेत आणि एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले हवेत. उत्पन्नाची अट २०१२ साली वर्षाला १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. हे उत्पन्न बोलावणाऱ्याचे स्वतःचे लागते. सासऱ्याचे दुकान कितीही मोठे असले तरी सहसा ते धरत नाहीत. आपली मुलगी इथे शिक्षिका असेल तर तिचा इथला पगारही धरत नाहीत. पैशांबरोबर पुरेशी जागा, मुलीची इंग्रजीची प्राथमिक परीक्षा आणि क्षयरोग नसल्याची तपासणी हेही आहे. घरातून निघताना तिला इंग्रजीत स्वतःबद्दल चार वाक्ये बोलता यायलाच हवीत. ती तिच्या पुढच्या आयुष्यातही उपयोगी पडतील.

अमेरिकेत बोलावणाऱ्याला एक हमीपत्र भरावे लागते. तिथल्या सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न आपल्याकडे आहे, आणि आलेल्या माणसाला आपण पोसू, अशी ती कायदेशीर हमी असते. उत्पन्न कमी पडले तर दुसरा कोणी जामीन राहू शकतो. ही हमी तलाक झाला तरी संपत नाही, हे फार थोड्या लोकांना माहीत असते. बोलावलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाचा हिशेब पूर्ण होईपर्यंत ती चालूच राहते. म्हणून चुलत्या-मामांनी ‘सही करायला काय जाते’ म्हणून जामीन राहू नये, आणि टाकून दिलेल्या मुलीने ‘आता आपला काही हक्क नाही’ असेही समजू नये.

कागद : निकाहनाम्यापासून जन्मदाखल्यापर्यंत

भाचीच्या बाबतीत नवी नोकरी दोन वर्षांनी मिळाली, करारावर ४,२०० दिरहम आले, घरही मिळाले. तरीही सात महिने गेले ते कागदांत. जमातीच्या दफ्तरातला निकाहनामा उर्दूत होता. त्यावर तिचे नाव एका तऱ्हेने, पासपोर्टवर दुसऱ्या तऱ्हेने. बापाच्या नावात ‘मोहम्मद’ एका ठिकाणी पूर्ण, एका ठिकाणी अर्धे. आपल्या घरांत फातिमाची फातेमा आणि हुसेनचा हुसैन सहज होतो, आणि आपण त्याकडे लक्ष देत नाही. परदेशातला कारकून मात्र ती दोन वेगळी माणसे धरतो.

म्हणून निकाह झाल्यावर त्याच महिन्यात सरकारी नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची असावी असे सांगितले आहे. वधू-वर, साक्षीदार आणि काझीसाहेब यांच्या सह्या लागतात. वर सुटी संपवून निघून गेला की हीच नोंदणी डोंगराएवढी होते. मेहंदी उतरायच्या आत दोघांनी जाऊन ती करून यावी. नावे पासपोर्टप्रमाणेच लिहावीत.

त्यानंतर प्रमाणीकरण. विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि मग त्या देशाच्या वकिलातीकडून प्रमाणित होतात. अमिराती आणि कुवेतसाठी हा तिसरा टप्पा लागतोच. सौदी २०२२ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, त्यामुळे तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलवर काम होते. अरबी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराचेच हवे. जन्मदाखल्यावर बाळाचे नाव घातलेले आहे का, तेही पाहावे. आपल्याकडे नाव ठरायच्या आधीच दाखला निघतो आणि नावाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. भाचीच्या मुलीचा दाखला तसाच होता.

व्हिसा नवऱ्याच्या नावावर असतो तेव्हा

या विषयाची एक बाजू बैठकीत कोणी काढत नाही. पत्नीचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली की तिचाही परवाना जातो. त्याने मनात आणले तर तो रद्दही करू शकतो. सुटीला म्हणून मुलीला गावी आणून सोडले आणि मागे व्हिसा रद्द केला, असे प्रकार आपल्या समाजात घडलेले आहेत. अमिरातीने विधवा आणि तलाक झालेल्या स्त्रियांना वर्षभर तिथे राहता येईल अशी सोय २०१८ पासून केली आहे. ती सोय आहे हे स्त्रीला स्वतःला माहीत हवे.

म्हणून मुलीच्या पासपोर्टच्या, व्हिसाच्या, निकाहनाम्याच्या आणि मुलांच्या दाखल्यांच्या प्रती माहेरी एका पिशवीत असाव्यात. पासपोर्ट तिच्या स्वतःच्या कपाटात असावा. निकाहनाम्यात अटी लिहिता येतात. मेहरची रक्कम लिहितो तशी ‘अमुक काळात सोबत नेईन, नाही जमले तर इथे स्वतंत्र राहण्याची व दरमहा खर्चाची सोय करीन’ ही अटही लिहिता येते, आणि ती लिहायला सांगण्यात मुलीकडच्यांना संकोच वाटायचे कारण नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या व्यवस्थेकडे तक्रार नोंदवता येते.

बैठकीत विचारायचे प्रश्न

आमच्या बहिणीच्या धाकट्या मुलीचे स्थळ यंदा आले, तेव्हा आम्ही हे प्रश्न एका कागदावर लिहून नेले :

१. करारावरचा पगार किती, आणि कराराची प्रत पाहता येईल का?

२. इकाम्यावर किंवा ओळखपत्रावर पेशा कोणता लिहिला आहे?

३. सध्या राहतो ती जागा कोणाच्या नावावर? कुटुंबासाठी घर घ्यायचे तर भाडे किती?

४. त्या देशात आज कुटुंबाचा व्हिसा चालू आहे का?

५. व्हिसा नाहीच झाला तर मुलगी कुठे राहील, खर्च कोण करील, आणि मुलगा वर्षातून किती वेळा येईल?

प्रश्न वाचून दाखवताना आमचा आवाज थोडा अडखळला. मुलाकडच्यांना राग येईल असे वाटले होते. मुलाचे अब्बा वयस्क गृहस्थ. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, “मी पस्तीस वर्षे बहरीनला काढली. घरची मला किती वर्षे एकटी राहिली, ते आज कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते.” मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून पाचही प्रश्न स्वतः विचारले.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले. मुलगा कुवेतला आहे, पगार ८०० दिनारांच्या जवळपासही नाही. मुलीने आतल्या खोलीतून सगळे ऐकले होते. तिने विचार करायला आठ दिवस मागितले, आणि आठ दिवसांनी होकार दिला, तीन अटींवर : तिचे बी.एड. पूर्ण होईल, ती इथेच नोकरी करील, आणि मुलगा दर वर्षी सुटीला येईल. तिन्ही अटी निकाहनाम्यात लिहिल्या आहेत.

मोठ्या बहिणीने दुबईहून फोनवर हे ऐकले आणि म्हणाली, “मामू, माझ्या वेळी हा कागद का नाही लिहिला?” आमच्याकडे उत्तर नव्हते. मागून तिच्या लेकीचा आवाज येत होता. ती आता बापाच्या खांद्यावरून उतरायला तयार नसते.